पाणी कुठलं?

आमच्या सरांना कुणी लग्नाला बोलावलं की ते आधी विचारायचे, "पाणी कुठलं?" मुलगी कुठली, मुलगा काय करतो, हे सगळं नंतर. बोअरचं, विहिरीचं, नळाचं की विकतच्या जारचं, हे कळल्याशिवाय ते पत्रिका उघडत नसत. एकदा एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या तेराव्याला गेले, तर तिथेही पंगतीत बसल्या बसल्या वाढप्याला तोच प्रश्न. तो सहकारी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

गुलबर्ग्याच्या, म्हणजे आता कलबुर्गी म्हणतात त्या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ते बायोकेमिस्ट्री शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ संशोधन करायचे. मी त्यांच्याकडे पाच वर्षं होते, आधी प्रयोगशाळेत नोकरीला आणि मग त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ते माहीत आहे त्यांना एका हसण्यावारी नेलेल्या गोष्टीमुळे माहीत आहे, आणि ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे जाणणाऱ्या आता आम्ही दोघीच उरलो आहोत.

सर मूळचे औराद तालुक्यातले. आमच्याशी मराठी, कारकुनाशी कानडी, बर्फवाल्याशी दखनी आणि चिडले की तिन्ही. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी निर्ण्याची, म्हणून मी 'निर्णा'. आमचा शिपाई मल्लण्णा तेवढा अपवाद. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे. सर म्हणायचे, "ह्याला गाव कुठलं लावू? त्याच्या आज्याला सगळा मुलूखच गाव होता."

परदेशात बरीच वर्षं काढून ते परत का आले, हे कॉलेजात सगळे एकमेकांना विचारायचे. त्यांना विचारलं की म्हणायचे, "तिथं बर्फ लई होता. इथं मिळायला वांदे हायत. जिथं वांदे तिथंच काम." खरं कारण मला पुढे त्यांच्या थोरल्या बहिणीकडून कळलं. या अक्कांनी लोकांच्या तुरी खुरपून भावाला शिकवलं होतं. पंचेचाळिशी गाठता गाठता त्यांना भाकरी थापायला हात उचलेना. तीन गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तिघांनी सांगितलं की काही झालेलं नाही, मनाचं आहे. घरातले लोक ढोंग म्हणायला लागले.

पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक अवयव असतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती तिथे तयार होते. सर त्यांना चूल म्हणायचे. चूल पेटली की धूर आलाच, तसं ही शक्ती तयार होताना काही दाहक पदार्थही निघतात. थोडे असले तर शरीर निभावून नेतं, फार झाले तर पेशी आतून खराब होत जाते. पुस्तकात याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. सर वर्गातसुद्धा धूरच म्हणायचे, आणि पोरं परीक्षेत तसंच लिहून यायची.

त्यांना एवढंच शोधायचं होतं, की चाळिशीतच गळून जाणाऱ्या खुरपणाऱ्या बायकांच्या रक्तात हा धूर दिसतो का. दिसला, तर त्यांना कुणी ढोंगी म्हणणार नाही. बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ना बढतीशी, ना परिषदांशी, ना कपड्यांशी.

शिस्त मात्र जीव खाणारी. वहीत पेन्सिल चालायची नाही. खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. "खालचं दिसलं पायजे," ते म्हणायचे. "चूक झाकली का दोन चुका व्हतात." मी एकदा पांढरी शाई लावली, तर त्यांनी तेवढी वही बाजूला ठेवून मला सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. मी उत्साहानं सांगायला जायचे, सर, सिद्ध झालं. ते मान वर न करता म्हणायचे, "झालं म्हनू नको. दिसायलंय म्हन."

रक्त आणायला आम्ही सरकारी गाडीनं जायचो. सरांच्या मांडीवर थर्माकोलचा खोका, त्यात बर्फ, बर्फात नळ्या. रक्त फार वेळ ठेवून चालत नाही, म्हणून खोक्याचं झाकण ते दर पाच मिनिटांनी उघडून बघायचे. एकदा हुमनाबादहून परत येताना कंडक्टरनं कानडीत विचारलं, कुल्फी आहे का, "कुल्फी अदा येन्री?" सरांनी शांतपणे उत्तर दिलं, "रक्त अदा." शेजारचे दोघे उठून मागे गेले. त्या दिवशी गुलबर्ग्यापर्यंत आम्ही ऐसपैस बसून आलो.

आणि पाणी. प्रयोगाला लागणारं शुद्ध पाणी आमच्याकडे जुन्या भट्टीवर तयार व्हायचं आणि एका वीस लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये साठायचं. खाली तोटी. या कॅनचे नियम गावच्या देवाला नसतील एवढे होते. त्याला बाहेरचं पाणी लावायचं नाही. तो आतून धुवायचा नाही. निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण रिकामा झाला की हवा शिरते. पाण्याची शुद्धता मोजायचं यंत्र बिघडून दुरुस्तीची वाट बघत पडलेलं होतं. सर म्हणायचे त्यावाचून काही अडत नाही. दर सोमवारी तोटीखाली बोट धरून एक थेंब जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बेचव हाय. चांगलं हाय." या जिभेचा त्यांना अभिमान होता. माणूस कितीही हुशार असो, एका ठिकाणी तो माती खातोच.

आमच्या गावच्या अकरा बायकांनी रक्त द्यायचं कबूल केलं होतं, त्यात माझी आई एक. सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी अर्थातच दारातून विचारलं, "पाणी कुठलं?" आई म्हणाली, "आडाचं हाय. ढब्बू टाकल्यालं हाय." आणि तिनं रांजणात हात घालून निजामाच्या काळातला तांब्याचा ढब्बू पैसा काढून दाखवला. आमच्या घरी हा ढब्बू घटस्थापनेला कलशात पडतो, खंडेनवमीला कलशातून रांजणात जातो आणि पुढच्या घटापर्यंत तिथेच राहतो. आजीच्या सासूपासून चालत आलेलं. सरांनी तो ओल्या हातात घेतला, उलटापालटा करून बघितला. त्याच्या कडेला एक खाच होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. "तांबं चांगलं होतं त्या वक्ताचं," म्हणाले आणि परत दिला.

तुलनेसाठी ज्यांचं रक्त घ्यायचं त्या शाळा-कॉलेजातल्या बायका. त्यांचं काम आम्ही भाद्रपदात उरकलं. खुरपणाऱ्या बायकांना मात्र दसऱ्याआधी डोकं खाजवायला सवड नव्हती. त्यांचं दसऱ्यानंतर करायचं ठरलं. या दोन्हींच्या मध्ये खंडेनवमी आली.

नवरात्रात मी गावी गेले तेव्हा आईनं तो ढब्बू कलशातून आधीच काढून माझ्या हातावर ठेवला. "औंदा तुज्या कामाच्या पान्यात टाक," ती म्हणाली. "घरच्याला काय, आडाचं पानी पचतंय. तिकडं यश पायजे." मी तो रुमालात बांधून नेला.

प्रयोगशाळेत खंडेनवमीला मल्लण्णा यंत्रांची पूजा करायचा. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला विभूती, सूक्ष्मदर्शकाला झेंडू, फ्रीजवर लिंबू. सर तराजूपुढे हात पसरून उभे राहायचे, त्याला कुणी हळद लावू नये म्हणून. "यंत्राला उपास पन धराया लाव," असं काहीबाही बोलत राहायचे. त्यांच्या देखत ताटात ढब्बू ठेवायची मला लाज वाटली. आईला नाही म्हणायचीही लाज वाटली होती. सगळे प्रसादाला बाहेर गेले तेव्हा मी कॅनचं झाकण फिरवलं आणि ढब्बू आत सोडला. पाण्याचं भांडं दिसलं, हातानं घरच्यासारखं केलं. पुढच्या खंडेनवमीला सगळे बाहेर गेले की काढायचा, असं ठरवलं.

मी बायोकेमिस्ट्रीत पहिल्या वर्गात पास झालेली. तांब्याचा अंश पाण्यात उतरला आणि त्या पाण्यात रक्तातली चरबी आली तर काय होतं, हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे. नुसत्या पाण्यात काहीच दिसत नाही, रक्त मिसळलं की धूरच धूर. हे त्या क्षणी मला सुचलं नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी स्वतःला माफही केलं असतं.

पण दसऱ्यानंतरच्या रक्ताचे आकडे यायला लागले आणि फरक एवढा मोठा निघाला की सरही बिचकले. तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. त्या तीन दिवसांत मला ढब्बू आठवला. नीट आठवला, खाचेसकट. आणि मी उठून दुसरं काम काढलं. मनाला सांगितलं की तांबं असं कितीसं विरघळणार, आणि त्याच्याही खाली कुठेतरी असं वाटलं की आईचा ढब्बू लागू पडला. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदल्या. माझी पीएच.डी. त्या आकड्यांवर उभी होती.

पेपर छापून आला. सर निर्ण्याला गेले, शाळेच्या पडवीत त्या अकरा जणींना बसवलं आणि सांगितलं, "तुमचा थकवा खरा हाय. मनाचा न्हाई. रगतात दिसायलाय." बायका आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीनं डोळ्याला पदर लावला, तिचं बघून दुसरीनं. घरी येताना आई म्हणाली, "आता कुनी ढोंग म्हननार न्हाई." तिच्या चालण्यात त्या दिवशी एक ताठा होता. मला अजून तो दिसतो, आणि दिसू नये असं वाटतं.

महिन्याभरात पुन्हा नवरात्र. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मल्लण्णा साफसफाई करत होता. कॅनखालची फळी पुसायला त्यानं कॅन एका बाजूनं उचलला, आणि आत काहीतरी खळ्ळकन वाजलं. सेंट्रिफ्यूज चालू होतं, तरी तो आवाज सरांना आतल्या खोलीत ऐकू गेला. ते बाहेर आले. त्यांनी झाकण काढलं आणि सगळं पाणी मोरीत ओतायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. शेवटी ढब्बू मोरीत पडला.

त्यांनी तो टिपकागदानं पुसला. उजेडाकडे धरला. कडेवरून अंगठा फिरवला, खाच लागली, अंगठा थांबला. मग माझ्याकडे बघितलं. मी सेंट्रिफ्यूजकडे बघत होते.

"मल्लण्णा," ते म्हणाले, "पूजा उद्या हाय न्हवं? मग पुसून घे सगळं." ढब्बू खिशात टाकून ते आत गेले.

त्या दिवशी मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पूजा होती, त्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. "निर्णा, पत्र लिहायलोय. वाच." पेपर छापणाऱ्यांना पत्र होतं. पाण्यात तांब्याची वस्तू पडली होती, दोन गटांतला फरक त्यामुळे आलेला असू शकतो, सबब पेपर मागे घ्यावा, चूक माझ्या देखरेखीतली. मी वाचलं. त्यांनी आपलं पेन टोपण काढून माझ्यापुढे ठेवलं. "काही दुरुस्त करायचं असलं तर कर," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पत्र परत दिलं.

पुढे कॉलेजनं तीन माणसांची समिती नेमली. समितीला पाण्याशी, धुराशी, बायकांशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना नाव पाहिजे होतं. दर वर्षी पूजा कोण करतो? मल्लण्णा. झालं, सापडला चोर. मल्लण्णा निवृत्तीला आला होता. समितीपुढे हात जोडून तो एकच वाक्य म्हणत राहिला, "देवाशप्पत मी कॅनमंदी कायबी टाकलं न्हाई." मी दाराशी उभी होते, माझी साक्ष त्याच्यानंतर होती. मी काय बोलले असते ते मला आज खात्रीनं सांगता येत नाही. बोलले असते असं म्हणायला आवडेल.

ती वेळच आली नाही. सर खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "त्याला कामून छळायलाव? मी टाकला. घरचा ढब्बू हाय. यश यावं म्हनून टाकला."

अध्यक्षांना हसू आवरेना. दशांशचिन्हानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी ज्यांना चालत नव्हतं, त्या सरांनी जन्मात एकदा खोटा मजकूर नोंदवला आणि तो माझ्यासाठी.

दोन दिवसांत ती गोष्ट सगळ्यांच्या मोबाईलवर गेली. पाण्यात पैसा टाकून संशोधन करणारा शास्त्रज्ञ. पोरं त्यांच्या टेबलावर नाणी ठेवायला लागली. कुणीतरी त्यांच्या चहाच्या कपात रुपया टाकला. त्यांनी चहा संपवला, रुपया धुतला आणि खिडकीत ठेवून दिला. एकानं वर्गात विचारलं, सर, पाणी कुठलं? सगळा वर्ग हसला. त्या दिवसानंतर सरांनी तो प्रश्न कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

स्वच्छ पाणी वापरून सगळं पुन्हा करू द्या, असा अर्ज त्यांनी दोनदा दिला. दोन्हीदा नाकारला गेला. मग राजीनामा दिला. जायच्या आधी मला दुसऱ्या गाईडकडे सोपवून गेले. "विषय बदल," एवढंच म्हणाले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वह्या मल्लण्णानं बसवर चढवून दिल्या. मी स्टँडवर गेले नाही. त्या दिवशी मला ताप होता असं मी सांगितलं.

लोकांना हे कळलं तर म्हणतील, केवढं मोठं मन. मला तसं वाटत नाही. मला त्यांचा राग येतो. आजही येतो. मी मागितली नव्हती ती दया त्यांनी माझ्यावर लादली. त्यांनी एकदा सरळ विचारायला हवं होतं, निर्णा, हा तुझा ना? मी हो म्हटलं असतं, रडले असते, नोकरी गेली असती, आणि मोकळी झाले असते. नुसतं पेन पुढे ठेवलं आणि पाठ फिरवली. आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं की चूक झाकू नका, खालचं दिसलं पाहिजे, आणि माझ्या चुकीवर स्वतःच पांढरी शाई ओतली. मी असं पुष्कळदा स्वतःशी भांडते. शेवटी प्रत्येक वेळी त्या पेनापाशी येऊन थांबते. टोपण काढलेलं होतं आणि हात माझा होता.

मी दुसऱ्या विषयात पीएच.डी. झाले. आज त्या विभागाची प्रमुख आहे. पाण्याचं नवीन यंत्र आहे, शुद्धता आपोआप लिहून येते, जिभेची गरज नाही. त्या बायकांचं रक्त पुन्हा तपासायला आता मला कुणाची परवानगी लागत नाही. मी तपासलं नाही. पुन्हा काढलं तर मागचं निघेल.

राजीनाम्यानंतर पंधरा दिवसांनी सर निर्ण्याला गेले होते. हे मला आईनं सांगितलं.

"कशाला आले होते?"

"घरोघर सांगून गेले. आदी सांगितलं ते खरं न्हाई, पानी खराब होतं, म्हनले."

"आणखी काय म्हणाले?"

"आमच्यातली शेवंता म्हनली, मंग आमी थकलाव न्हाई व्हय? तर सर म्हनले, थकलाव. मलाच दाखवता आलं न्हाई." आईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "लई वंगाळ वाटलं बग. कुन्या डाक्टरनं आजपातूर असं सांगितलं न्हाई, का मलाच आलं न्हाई म्हनून."

मी दुसरं काही विचारलं नाही. पाणी खराब होतं, एवढंच बोलले म्हणजे मी वाचले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुसरं काहीच वाटलं नाही. ढब्बू हरवला असं मी आईला आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिनं बरं म्हटलं होतं.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गावी गेले तेव्हा आई आधी रांजणातून पाण्याचा तांब्या भरून द्यायची आणि समोर बसून विचारायची, "तुजे सर कसे हायत ग?" दर वेळी, न चुकता. मी म्हणायचे, बरे असतील. तिला गावाकडच्या बायकांची सवय असते तशी विचारपूस करायची सवय, असं मी धरून चालले. कधीकधी चिडायचे सुद्धा. तुला दुसरं काही सुचत नाही का ग माय, असं एकदा बोलले. ती उठून भाकरी टाकायला गेली.

सर औरादला अक्कांजवळ राहायचे आणि पोरांच्या शिकवण्या घ्यायचे. ते गेल्याचा फोन मल्लण्णाचा आला. त्या दिवशी आमच्याकडे तपासणी करणारं पथक आलं होतं, माझं निघणं शक्य नव्हतं. शक्य नव्हतं असं मी मल्लण्णाला सांगितलं. आई मात्र गेली. गुडघे धरून, बीदरला गाडी बदलून, औरादला. मला हे नंतर कळलं. तिनं स्वतःहून सांगितलं नाही आणि तू का आली नाहीस असंही विचारलं नाही. त्यानंतर सरांची चौकशीही बंद झाली. पाणी द्यायची आणि समोर बसून राहायची.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. आमच्यात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. भाऊ ट्रकवर असतो, तो अजून पोचला नव्हता. भावजयीनं आणि मी मिळून रांजण आडवा केला. पाणी अंगणात गेलं, आणि शेवटी आत काहीतरी खळ्ळकन वाजलं.

मी हात घातला नाही. भावजयीनं घातला. हिरवट झालेला ढब्बू तिनं पदरानं पुसला आणि देवळीत ठेवला. तिला त्यात नवल काहीच नव्हतं.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"सरांनी आनून दिला की," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. घरोघर सांगत आलते बगा, तवाच. आत्याबाईच्या हातात दिला, म्हनले, हा तुमचा हाय, रांजनातच बरा. पोरीला काय म्हनू नका."

"मग आई काय म्हणाली?"

"काय न्हाई. पान्यात सोडला. मी म्हनलं, ताईला इचारू का हे कसं काय झालं म्हनून. तर म्हनल्या, नगं. तिची ती सांगल."

मी तिथेच ओल्या अंगणात बसले. त्या रांजणाचं पाणी मी इतकी वर्षं पीत होते. आई तांब्या हातात द्यायची, समोर बसायची आणि विचारायची, "तुजे सर कसे हायत ग?" मी आधी पोटभर पाणी प्यायचे, तांब्या खाली ठेवायचे, तोंड पुसायचे आणि म्हणायचे, बरे असतील.